एका पौंडाची ऊब

पलंगावरच्या चादरीवर तृप्तीनं सगळं मांडलं होतं. वीस पौंडांच्या अठरा नोटा आणि दहाच्या चार, म्हणजे चारशे पौंड रोख. एक फॉरेक्स कार्ड, त्यात सहाशे. मनी चेंजरची पावती, दर एकशे अठरा रुपये चाळीस पैसे. परतीच्या दिवशी मुंबई विमानतळावरून नाशिकला यायला तीन हजार रुपये. आणि झिपच्या पिशवीत एका पौंडाची चोवीस नाणी.

"नवऱ्याला भेटायला चाललीस का बँक लुटून पळून चाललीस?" आईनं दारातूनच विचारलं.

"आई, हात लावू नकोस. नोटा मोजून झाल्यात."

"मी कशाला लावतेय? तुझ्या बापानं कधी शंभरच्या वर नोट दाखवली नाही मला."

नोंदणी पद्धतीनं लग्न झालं आणि एकविसाव्या दिवशी ललित विमानात बसला, त्याला सतरा महिने झाले होते. तो मनमाडच्या रेल्वे कॉलनीतला. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला वृद्धांच्या एका केअर होममध्ये रात्रपाळी करायचा. तृप्तीचा व्हिसा पहिल्यांदा नाकारला गेला, खात्यात पुरेसे पैसे दिसत नाहीत म्हणून. दुसऱ्यांदा मिळाला तो तीन आठवड्यांसाठी. अंबडच्या पाणी तपासणीच्या लॅबमधून तेवढीच रजा मंजूर झाली होती. त्यामुळे एकेक पौंड कुठे जाणार हे तिनं आधीच लिहून ठेवलं होतं, आणि त्या यादीत सगळ्यात अडचणीची गोष्ट होती हीटर.

ललितच्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर एक जुना लोखंडी डबा होता. त्याच्या फटीत एक पौंडाचं नाणं सरकवलं की हीटर दोन तास चालायचा, मग टक्क करून बंद. नोट चालत नाही, कार्ड चालत नाही, मोबाइल चालत नाही. आणि तिथे आता दुकानात सगळेच कार्ड टेकवतात, सुटे कोणाकडे नसतातच. महिन्याचा पगार खात्यात जमा आणि नवरा स्वेटरवर स्वेटर घालून बसलेला, असं जानेवारीत चाललं होतं.

कॉलेज रोडच्या मनी चेंजरनं तिला समजावलं होतं, "मॅडम, नोटा हव्या तेवढ्या घ्या. परदेशी चिल्लर आम्ही घेत पण नाही, देत पण नाही. कोणीच नाही देणार."

पण तृप्तीला देणारा एक माणूस माहीत होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर जायची, रामकुंडातल्या पाण्याचे नमुने घ्यायला. तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून चाळणीनं नाणी काढणारा लहानू तिला 'पाणीवाली ताई' म्हणायचा. पन्नाशीचा माणूस, पायांची कातडी कायम पांढरीफटक पडलेली.

"लहानूकाका, परदेशी नाणी सापडतात का हो तुम्हाला?"

"लय सापडत्यात. बाहेरदेशीचे लोक येत्यात ना अस्थी घेऊन. खिशात काय असंल ते टाकत्यात सोबत. करायचं काय त्याचं? चहावाला बी घेत नाय."

त्यानं पायरीवरच्या गोणपाटाखालून श्रीखंडाचा एक रिकामा डबा काढला. तो नाण्यांनी भरलेला होता. तृप्तीनं त्यातून फक्त बारा कोनांची पौंडाची नाणी वेचली. गोल पौंड केव्हाच चलनातून गेला होता, हे तिनं वाचून ठेवलं होतं. चोवीस निघाली.

"पन्नासला एक," लहानू म्हणाला.

"काका, आत्ताच म्हणालात चहावाला घेत नाही."

"चहावाला नाय घेत. तू घेतीस ना."

एकशे अठराचं नाणं पन्नासला. तिनं मनातल्या मनात गुणाकार केला आणि बाराशे रुपये काढून दिले. पैसे मोजता मोजता लहानूनं विचारलं, "कशाला पायजेत?"

"मिस्टर तिकडे आहेत. त्यांच्या हीटरला."

त्याचं मोजणं थांबलं. "म्हंजे तिकडंच परत?"

"तिकडेच चालतात ना ही."

"चालत असतील. आम्ही हितलं हितंच फिरवतो बाई. पाण्यातलं उचलून कोणी समुद्रापल्याड नेलंय, असं मी तरी ऐकलं नाय."

भाव वाढवायची ही नवी रीत असेल, असं समजून ती हसली. लॅबमध्ये तिनं नाणी साबणानं धुतली, अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं बुडवली, वाळवली आणि एकेक करून तराजूवर ठेवली. प्रत्येक पावणेनऊ ग्रॅम, फरक फक्त दुसऱ्या दशांशात. खरी होती. रामकुंडात हाडं काही तासांत विरघळतात असं लोक म्हणतात. तृप्तीनं ते पाणी तीन वर्षं तपासलं होतं आणि हाड विरघळवेल असं त्यात तिला कधी काही सापडलं नव्हतं. एकदा तसं तिनं लहानूला सांगितलंही होतं. त्यावर तो म्हणाला होता, "तुझ्या बाटलीत येत नसंल ते."

तिचं विमान वीस दिवसांनी होतं, पण ललितच्याच केअर होममध्ये काम करणारा कळवणचा मयूर बहिणीचं लग्न आटोपून त्याच आठवड्यात परत निघाला होता. तृप्तीनं त्याच्यापुढे नाणी धरली. त्याच्या पाकिटाच्या कप्प्यात नऊ मावली. उरलेली पंधरा तिनं परत झिपच्या पिशवीत टाकली.

"प्रत्येक नाणं टाकलंस की किती मिनिटं चालतं ते लिहून ठेव," तिनं ललितला फोनवर बजावलं. "तीन आठवड्यांना किती लागतील ते काढायचंय मला."

"दोन तास चालतं, सांगितलं ना."

"घड्याळ लावून सांग."

"लग्नाआधी सांगायचं होतंस, लॅबवालीशी संसार म्हणजे रोज रीडिंग द्यायचं ते."

रोज दुपारी एक वाजता, लॅबमध्ये जेवणाचे डबे उघडले जात असताना त्याचा फोन यायचा. तिथे तेव्हा सकाळचे साडेसात, आणि तो नुकताच रात्रपाळीवरून आलेला असायचा.

"तुझ्या पहिल्या पौंडानं धोका दिला," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "बरोबर साठ मिनिटं."

"घरमालकानं डबा बदलला असेल."

"तो? जिन्यातला बल्ब बदलायला त्यानं तीन महिने लावले."

दुसऱ्या दिवशी दुसरं नाणं चाळीस मिनिटं चाललं. तिसऱ्या दिवशी तिसरं, तीस मिनिटं. तृप्तीला वाटलं, हीटरची कॉइल खराब होऊन जास्त वीज ओढत असेल. तसं असेल तर खोली जास्त तापायला हवी. "उलट गारच वाटतंय," ललित म्हणाला. "आणि ती खुर्ची आहे ना खिडकीजवळची, तिची गादी ओली लागतेय हाताला. छत गळत नाही, मी बघितलं."

चौथं चोवीस मिनिटं. पाचवं वीस. सहाव्याला त्यानं सतरा आणि वर काही सेकंद सांगितले. त्या दिवशी त्याचा आवाज दबका होता, घरात कोणी झोपलेलं असताना माणूस बोलतो तसा.

तृप्तीनं जेवणाचा डबा बाजूला सारला आणि नमुन्याच्या बाटलीवर चिकटवायच्या लेबलमागे आकडे एकाखाली एक लिहिले. साठ, चाळीस, तीस, चोवीस, वीस, सतरा. घसरण अशी ठरल्यासारखी होती की तिला आधी मौज वाटली. एकशे वीस मिनिटांना दोननं भागलं की साठ. तीननं भागलं की चाळीस. चारनं तीस, पाचनं चोवीस, सहानं वीस, सातनं सतरा पूर्णांक एक दशांश. कुठेही एका मिनिटाचा फरक नाही. खराब झालेलं यंत्र इतकं नेमकं वागत नाही. ही तर सरळसरळ वाटणी होती. दोन तासांची ऊब कोणीतरी समान वाटून घेत होतं आणि दर नाण्यामागे वाटेकरी एकानं वाढत होता.

मग पहिल्याच नाण्याला दोननं का भागावं लागलं, असा प्रश्न तिला पडला. उत्तर सोपं होतं. पहिला वाटेकरी ललित स्वतः होता.

तिनं लॅबच्या बाहेर येऊन, गेटजवळच्या कडुलिंबाखाली उभं राहून त्याला परत फोन लावला.

"ललित, खोलीत कोण आहे?"

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "तुला कसं कळलं?"

तोच बोलत राहिला, शांतपणे, आता सांगायला हरकत नाही अशा सुरात.

"दिसत असे नाहीत गं. म्हणजे बघायला गेलं की नसतात. पण कडेनं कळतं. सगळे हीटरकडे तोंड करून बसतात. त्रास काही नाही त्यांचा. बोलत नाहीत, हलत नाहीत. फक्त गारठलेत फार. अंगावरून पाणी निथळतंय."

"बाकीची नाणी टाकू नकोस."

"आजच टाकली. तिन्ही." तो थोडा ओशाळला. "हीटर बंद झाला की सगळे माझ्याकडे वळतात, तृप्ती. थंडी वाजते त्यांना. मग मीच टाकतो."

"किती मिनिटं?"

"पंधरा. मग तेरा, वर वीस सेकंद. शेवटचं बारा."

आठ, नऊ, दहा. हिशोब जुळत होता. तरी एक चाचणी राहिली होती. तिनं त्याला दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक साधं पौंडाचं नाणं मिळवून टाकायला सांगितलं, ज्याचा गंगेशी काही संबंध नाही असं. तेही बाराच मिनिटं चाललं. म्हणजे आता दोष नाण्यात राहिला नव्हता. जे यायचे होते ते येऊन बसले होते.

"गर्दीची सवय आहे मला," ललितनं हसायचा प्रयत्न केला. "मनमाड जंक्शनवर वाढलोय. फक्त पलंगावर जागा उरत नाही. मी जिन्यात झोपतो."

"या थंडीत? जिन्यात?"

"तृप्ती, एक विचारू? तिकीट पुढे ढकलता येईल का बघ ना. तू आलीस तर बसशील कुठे? इथे आता जागाच नाही."

सतरा महिन्यांत तो 'कधी येतेस' याशिवाय दुसरं काही म्हणाला नव्हता. तिकिटाची तारीख बदलता येत नव्हती, व्हिसा पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती आणि विमानाला आठ दिवस होते. पण तिला जास्त भीती वाटली ती त्याच्या आवाजाची. तो तिची वाट बघत नव्हता. तो त्यांची सोय बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गंगेवर गेली. थंडीमुळे पाण्यावरून वाफ निघत होती आणि लहानू पायरीवर बसून बिडी ओढत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, मिनिटांसकट. तो हसला नाही.

"हे लोक घरी जायचे म्हणून हितं आणले ताई. पोरांनी खर्च करून, विमानानं. पोचले बिचारे. आन् तू त्यांना पन्नास रुपयाला उचलून परत थंडीत नेऊन घातलंस."

"तुम्हीच विकलीत ना काका?"

"मी विकलीत. माझं बी चुकलं." त्यानं बिडी विझवली. "आता नावानं हाक मारल्याबिगर ते उठायचे नाय. नावं पायजेत."

"नावं कुठून आणू?"

"ज्यांची हायत त्यांनाच इचारायला सांग नवऱ्याला."

दुपारी एकला तृप्तीनं लॅबमधली नमुने ठेवायची खोली आतून लावून घेतली आणि फोन स्पीकरवर टाकला. ललित आधी तयार होईना. "असं कसं विचारू? वयानं मोठे आहेत सगळे." मग त्यानं दुकानातून आणलेलं आणखी एक नाणं टाकलं, घसा खाकरला, आणि घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तशा आवाजात तो म्हणाला, "माफ करा, आपलं नाव काय म्हणालात?"

फोनमधून हीटरची घरघर ऐकू येत होती. दुसरा आवाज नव्हता.

"कुसाबाई," ललितनं सांगितलं. "निफाडच्या. मुलाकडे आल्या होत्या."

तृप्तीनं लिहिलं. पुन्हा घरघर.

"नाथा. आडनाव सांगत नाहीत, पण गाव सिन्नर. भागीबाई. याही इकडच्याच."

अशी आठ नावं झाली. त्यातली तीन गुजराती होती, ती त्यानं दोनदा विचारून घेतली. मग तो थांबला.

"नववं?" तृप्तीनं विचारलं.

"हे बोलत नाहीत."

"बाई आहेत की पुरुष?"

"कळत नाही. पाठच दिसते. हीटरला अगदी चिकटून बसलेत."

संध्याकाळी लहानू तिला एका उपाध्ये गुरुजींकडे घेऊन गेला. साठीचे गृहस्थ, अंगात स्वेटर, समोर लाल कापडात बांधलेल्या वह्या. अस्थी घेऊन आलेल्या प्रत्येक कुटुंबाचं नाव, गाव, मृताचं नाव ते लिहून ठेवायचे. त्यांचे वडील, आजोबाही ठेवायचे. तृप्तीनं लेबलमागची यादी पुढे केली. गुरुजींनी चष्मा पुसला, गेल्या वर्षाची वही उघडली आणि ओळींवरून बोट फिरवलं.

"कुसाबाई, निफाड. मुलगा लेस्टर. भाद्रपदात आले होते." बोट पुढे सरकलं. "नाथा, सिन्नर. हे घ्या. भागीबाई." पाच नावं त्यांच्या वहीत निघाली. उरलेल्या तिघांसाठी त्यांनी दोन गुरुजींना फोन केले आणि तीही निघाली. आठच्या आठ माणसं इंग्लंडमध्ये वारलेली, आठच्या आठ अस्थी याच कुंडात.

त्यांनी वही मिटली आणि तृप्तीकडे पाहिलं. "ही नावं तुला कोणी दिली?"

"त्यांनीच," ती म्हणाली. "अजून एक आहेत, नववे."

गुरुजींनी वही परत लाल कापडात बांधली. "नवव्याचं?"

"माहीत नाही."

"नाव-गोत्र माहीत नसलेल्यालाही पिंड देता येतो. तशी सोय आहे. आठ नावानं, एक अज्ञात म्हणून. घरचं कोणी नाही म्हणतेस, तर तूच कर."

पुढच्या सकाळी गुरुजी सांगतील तसं तिनं केलं. नऊ पिंड, काळे तीळ, दर्भ. एकेक नाव तिनं मोठ्यानं घेतलं, गावासकट. नवव्या वेळी गुरुजींनी सांगितलेले शब्द उच्चारताना तिच्या लक्षात आलं की आपण कोणाला हाक मारतोय हे आपल्याला ठाऊक नाही. शेवटी तिनं झिपची पिशवी उघडली. आतून ती दमट झाली होती. पंधरा नाणी तिनं एकेक करून पाण्यात सोडली. ती बुडेपर्यंत लहानू चाळणी डोक्यावर धरून उभा होता.

"ही मी नाय उचलणार," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला बी उचलू नाय देणार."

एकच्या आधीच ललितचा फोन आला. व्हिडिओवर. त्याचे केस विस्कटलेले होते, दाढी वाढलेली होती, पण चेहरा बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे वळलेला होता.

"तृप्ती, खुर्ची कोरडी आहे! पलंग कोरडा आहे. मी आत्ता अर्धा तास आडवा पडलो, चक्क पाय पसरून." तो हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. "काय केलंस गं तू? कधी येतेस? शनिवारीच ना? मी आणायला येतो."

"शनिवारी." तिनं लेबल पुढे ओढलं. "पण आधी एक कर. दुकानातलं नाणं आहे ना एखादं?"

"आहे. कालच मिळालं, ब्रेडच्या सुट्यात."

"टाक. मी घड्याळ लावते."

"तू सुधारणार नाहीस."

त्यानं फोन टेबलावर असा टेकवला की तिला डबा आणि हीटर दोन्ही दिसतील. नाणं आत पडल्याचा आवाज आला, हीटरच्या तारा हळूहळू लाल झाल्या. तिनं घड्याळ सुरू केलं.

बारा मिनिटं झाली. हीटर चालू होता. वीस झाली, तीस झाली, तेव्हा ललित टाळी वाजवून म्हणाला, "बघ!" मग तो सांगू लागला, तिला कुठे कुठे न्यायचं, मयूरनं कोणतं दुकान दाखवलंय, तिच्यासाठी त्यानं मोजे घेऊन ठेवलेत. तिनं लोणच्याची बरणी आणायची का विचारलं. चाळीस मिनिटं होत आली तेव्हा तिनं पेन लेबलवर टेकवून ठेवलं. चाळीसही गेली. पन्नासाव्या मिनिटाला ललितला जांभई आली आणि तो पलंगावर कुशीला वळला. दिसत होता तो फक्त हीटर आणि त्याच्यासमोरची रिकामी फरशी.

टक्क असा आवाज झाला. तारा लालच्या काळ्या झाल्या. तृप्तीनं घड्याळ थांबवलं आणि लेबलवर आकडा लिहिला.

साठ मिनिटं, शून्य सेकंद.